ओठावरचं

अण्णा दिवसा घरात कसे दिसतात
हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.
उद्यमनगरात लेथवर सत्तावीस वर्षं,
सकाळी आठला डबा, रात्री नऊला आंघोळ,
रविवारी दुपारी दाराकडं पाठ करून झोप.
एवढाच बाप आमच्या वाट्याचा.

मार्च सरता सरता पोरांनी गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले
आणि यादवनगरच्या आमच्या दोन खोल्यांत
अचानक एक माणूस वाढला.

पहिला आठवडा त्यांनी घर मापलं.
खिशातला व्हर्निअर काढून
भाकरीची जाडी, इंद्रजितचा अंगठा,
उंबऱ्याखालची फट जिथनं मुंग्या यायच्या.
"तीन पॉइंट दोन," म्हणायचे भाकरीला.
आई म्हणायची, "मग? तासून आणू?"
गाव कसं शांत झालंय बघा,
म्हणायच्या पलीकडच्या हसीनाभाभी कठड्यावरनं,
पंचगंगेकडनं मोरसुद्धा ऐकाय येतोय म्हणं.
अण्णा मान हलवायचे.

एक फोन. त्यावर इंद्रजितची नववी, माझं बी.कॉम.
रेंज फक्त मोरीवरच्या पत्र्यावर.
दहानंतर पत्रा तापायचा, म्हणून खाली ओलं पोतं.
फोन वाजला की आईच घ्यायची,
पहिल्यापासनंच, त्यात काही वावगं कधी वाटलं नाही.
सांगावकर शेठचा आला, तोही तिनंच घेतला.
अर्धा पगार. पुढचं पुढं बघू.
त्या दिवशी चहा दोनदाच झाला.

मग तिनं मशीन पुसलं.
अस्तराचे उरलेले तुकडे,
आमसुली, पोपटी, कुणाच्यातरी लग्नातला मोरपंखी.
कोपऱ्यावरचा मेडिकलवाला नगाला आठ रुपये देणार होता.
पहिला मास्क तिनं स्वतःच लावून बघितला
आणि अण्णांकडं वळून म्हणाली,
"अवो, कात्री द्या तेवढी."

अण्णा बघत राहिले.

"कात्री."

अण्णा हसले. उठले.
पाण्याचा तांब्या आणून दिला.

इंद्रजित लोळून लोळून हसला.
आई हसली नाही.
कापडाआडनंच, सावकाश, तिनं विचारलं,
"आज वार कुठला?"
अण्णा म्हणाले, "व्हय, व्हय."

तेव्हा तिनं मास्क हनुवटीवर ओढला.
"किती दिस झालं?"

हे त्यांनी वाचलं.
हातातला तांब्या बरोबर फरशीच्या रेघेवर ठेवला.
"मशीनवर सगळ्यांचंच जातं की," म्हणाले.
"आठ-नऊ वर्षं असंल."

आठ-नऊ वर्षं.
म्हणजे मी दहावीचे मार्क ओरडत आले तेव्हा.
म्हणजे आई पाठमोरी भांडी घासत
त्यांच्या भावाला शिव्या द्यायची तेव्हाही,
आणि ते पेपर वाचत बसायचे
तर आम्ही म्हणायचो, किती सोसतात!
बोलताना आमच्या तोंडाकडं टक लावून बघायचे,
त्याला आम्ही धाक समजत होतो.
लाईट गेली की मात्र गप्प.
अंधाराला भ्यायचे असं आई माहेरी सांगायची.

त्या रात्री आम्ही सगळे हळू बोललो.
कशाला, ते कुणालाच माहीत नाही.
इंद्रजितनं ताटात बोटानं आमटीनं काहीतरी लिहिलं,
आई खेकसली, "त्यास्नी लिहून नको दाखवूस,
तोंड वर कर आणि बोल!"

जूनमध्ये शेठनं शेड उघडली.
एका मशीनवर एक माणूस, मध्ये दोन मशीन बंद,
सगळ्यांची तोंडं बांधलेली.
अण्णा डबा घेऊन निघाले,
नेहमीसारखे वळणावर एकदा मागं बघितले.
आई दारात, नाकापर्यंत मोरपंखी.
बांबूपाशी हवालदार खुर्ची टाकून बसला होता,
पावतीपुस्तक मांडीवर.

तिनं मास्क खाली केला.
आणि एवढ्या लांबनं, आवाजच न काढता,
ओठ मोठे मोठे करून म्हणाली:
व्हर्निअर राहिला.

अण्णांनी खिसा चाचपला.
परत आले.