दुसरा हात

आधी खांबाला विचार, रोशन.
हातोडीनं, जमिनीलगत, चारी बाजूंनी.
टणक बोलला तर चढायचं.
भदभद बोलला तर आत वाळवीनं संसार मांडलाय,
वर्गीसला हाक मार, शिडीची गाडी येईल.
कमीपणा नाही त्यात.

अल-अश्खरात अजून लाकडी खांब आहेत,
तेलात मुरवलेले.
दुपारी घाम फुटतो त्यांना, काळा,
सदऱ्याला लागला की निघत नाही.
पहाटे समुद्रावरून धुकं येतं,
चिनीमातीच्या कपांवरची खारट धूळ भिजते
आणि वर काहीतरी चुरचुरतं, कढईत पापड सोडल्यासारखं.
ते ऐकू आलं तर थांब.
लाइन बंद आहे असं कागद म्हणतो,
खलफानची सही आहे, शिक्का आहे,
तरी दांडा लावून बघ. तरी अर्थिंग कर.
कागदाला शॉक बसत नाही.

हातमोजे मनगटाकडून गुंडाळत ये,
आत कोंडलेली हवा गालाजवळ धर.
डासाच्या श्वासाएवढा फुसकारा आला तरी
मोजा मेला.

पायाचे काटे लाकडात रोव,
गुडघे खांबापासून लांब.
भीती वाटली की माणूस मिठी मारतो.
इथं मिठी मारलीस की काटे सुटतात.
भ्यालास तर मागं रेल, पट्ट्यावर,
खुर्चीत बसल्यासारखा.
आणि हुक अडकवलास की कडीकडं बघ,
आवाजावर जाऊ नको.
कट्क वाजतं, ते बाहेरच्या बाहेरही वाजतं.

मला माहीत आहे.
जालानच्या फाट्यावर, तीन वर्षांपूर्वी,
मी वाजलेलं ऐकलं आणि रेललो.
दुसऱ्या पट्ट्यानं झेललं. दीड हात खाली,
हेल्मेट कपाळावर, तोंडात वाळू.

एकदा झेललेला पट्टा बाद.
कुणी चुकून बांधू नये म्हणून दोन तुकडे करायचे,
ते मलाच करायला लावले.
वर्गीस टोक ताणून उभा.
कात्री बोथट आहे, असं मी दोनदा म्हणालो.
तो दोन्ही वेळा हो म्हणाला.

आमचे आप्पा पाडेली, हेदवीचे.
पायात काथ्याचा फास, कमरेला कोयती,
एका हातानं माड धरायचा,
दुसऱ्यानं नारळ उतरवायचे,
आयुष्यभर तसंच.
त्या सुट्टीत मी त्यांना नवा पट्टा नेला,
लेबलावर तारीख असलेला, कडकडीत.
म्हणाले, माड मला ओळखतो.
तुझा खांब तुला ओळखतो का रे?
पट्टा पडवीतल्या खुंटीला गेला,
म्हशीला बांधायच्या दाव्याशेजारी.
मी परत आलो.

फेब्रुवारीत फोन आला.
इकडचं तिकडचं, सुपारीचा भाव, आईचे गुडघे,
मग मध्येच:
लावला रे तो तुझा पट्टा.
शेजारच्या उंच माडावर.
रेललो तू सांगितलंस तसा,
तर हा दुसरा हात मोकळा झाला.
अडुसष्ट वर्षांचा मी,
त्या हाताचं वर काय करायचं तेच कळंना.
मग?
मग काय, ठेवला कपाळावर आडवा
आणि समुद्राकडं बघत बसलो.
खालून बायका ओरडायला लागल्या, नारळ कुठं म्हणून.
तुझं गाव कुठल्या अंगाला येतं रे?

मी म्हटलं, सरळ. नाकासमोर.
खरं तर थोडं उजवीकडं असेल.

चल, ऊन चढायच्या आत.
दुसरा अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही,
खांबावरच्या आडव्या लोखंडाशी हे हमखास विसरतात.
हनुवटीचा पट्टा आवळ.
पोचलास की तुझेही हात मोकळे होतील.
आधी काम कर.