दिवसाला तीन सेकंद

नोव्हेंबरात मी झोप शिकवते.
तार्तूत साडेतीनलाच दिवे लागतात,
मुलं जांभया देतात. मी म्हणते, ही नव्हे,
प्रोसेसरची:
घड्याळ तेवढं जागं, बाकी सगळी दारं लावलेली,
पै-पैचा हिशेब मायक्रोअँपमध्ये.

राइमोचा बोर्ड झोपलेला दिसतो,
मीटर मात्र चाळीस पट दाखवतो.
एक पिन मोकळी सोडलीय त्याने,
ना वर बांधलेली ना खाली,
त्या लोंबकळण्यातच बॅटरी गळतेय.
सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात.
इथे सोंग घेतलेल्याला झोपवता येत नाही.

मग दलदलीतल्या यंत्राची गोष्ट निघते, दरवर्षी निघते.
वेल्लो सरांनी अकरा वर्षांपूर्वी शेवाळाखाली पुरलेलं.
सहा तासांनी उठतं,
पाण्याची पातळी मोजतं, एक आकडा पाठवतं,
परत आडवं.
त्या आकड्यांवर दोन प्रबंध झाले. एक माझा.

मार्चमध्ये मारेट कागद घेऊन आली.
"लीया, ते उशिरा उठतंय.
थंडीत क्रिस्टल संथ होतो, दिवसाला तीन सेकंद,
बर्फ वितळेस्तोवर सहा मिनिटं."
तापमानाचा तक्ता, दुरुस्तीच्या बावीस ओळी,
एकही चूक नाही.
मी जुना कोड उघडला. त्या जागी सरांचा शेरा:
हिवाळ्यात मागे पडेल. पडू द्या.
पाणीही तेव्हा घाईत नसतं.

"हे काही कारण नव्हे," मारेट म्हणाली.
नव्हेच.
मी तिला दहापैकी नऊ दिले,
एक कशाचा कापला विचारलं तिने,
मला सांगता आलं नाही.
बावीस ओळी अजून टेबलावर आहेत, कॉफीच्या डागासकट.

रविवारी सरांकडे गेले.
नाव त्यांना आता आठवत नाही माझं,
कधी परिचारिका समजतात, कधी धाकटी बहीण.
सूप भरवता भरवता सांगितलं,
तुमचं यंत्र सहा मिनिटं मागे आहे.

ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले.
मग चमचा हाताने बाजूला सारून,
वर्गात विचारायचे त्याच आवाजात:
"मोकळ्या पिना बांधल्यास ना सगळ्या?"

हो म्हटलं.
राइमोची एक राहिलीय,
ते बोलले नाही.