आमसुलीचं न्हाण

काजूचा रस आंबायला ठेवलेल्या पिंपात
दुपारी आमसुली पडली.
विश्राम बोंडं तुडवत होता, त्याचे पाय थांबले,
मग त्याला हसू आलं. मला नाही आलं.
केसाकेसात चिकट रस, शेपटीला चोथा,
आणि मांगराच्या पायरीवरून
मुंग्यांची रांग आधीच निघालेली.

"मांजर स्वतःच धुतं गो," तो म्हणाला.
धुतं, पण जिभेने.
जे अंगावर, ते पोटात.
तीन दिवसांचा आंबलेला रस
त्या मुठीएवढ्या पोटात कसा जाऊ देऊ?

माझी आई वयजीण होती.
सत्तरीतल्या चार वाड्यांची पोरं
तिच्या पसरल्या पायांवर न्हायली.
भाणातलं कढत पाणी, खोबरेल, टाळूवर धार,
शेवटी धुरी. पोर लाल होईस्तोवर रडलं
की आई म्हणायची, आता झोपेल.

यातलं मांजराला काहीही चालत नाही.

म्हणून न्हाणीचं दार लावलं, नळ बंदच ठेवला:
धारेचा आवाज तिला साप वाटतो
(हे माझं म्हणणं, ती कधी बोलली नाही).
टबात चार बोटं पाणी. कोपर बुडवून पाहिलं;
आईच्या कोपराला ते गारच वाटलं असतं.
तळाशी घडी घालून गोणपाट,
पायांना धरायला काहीतरी हवं.
घसरणारा जीव आधी नखं काढतो,
हे मी सासूला आंघोळ घालताना शिकले.
आमसुलीची नखं परवाच कापली होती,
मागच्या डाव्या पायाचं एक सोडून.
तेव्हा ती निसटली होती.

माझा साबण उचलला आणि परत ठेवला.
वाळपईच्या डॉक्टरने दिलेली मांजराची बाटली
गेल्या पावसाळ्यापासून फळीवर होती, ती काढली.

छातीखाली एक हात, दुसऱ्यात पेला.
मानेकडून शेपटीकडे, थोडं थोडं.
डोक्यावर नाही. कानात थेंबही नाही.
ती ओरडली ते मांजरासारखं नव्हे,
चोर्ला घाट चढणाऱ्या शेवटच्या बससारखं.
"झालं गो बाय, झालं," मी म्हणत राहिले,
झालेलं काहीच नव्हतं.

ओली झाल्यावर कळलं, आमसुली एवढीशीच आहे.
बाकी सगळा केसांचा थाट.
बरगडीवर एक जुना व्रण सापडला,
आमच्याकडे येण्याआधीचा असावा.
आईलाही पोरांच्या अंगावर काय काय दिसायचं,
ती फक्त पोराच्या आईच्या कानात सांगायची.
मी कोणाला सांगू?

तीनदा पाणी बदललं.
पहिल्याला भट्टीचा वास,
दुसरं ताकासारखं गढूळ,
तिसऱ्यात एक मुंगी तरंगत होती, एकटी.
तोंड शेवटी, ओल्या फडक्याने,
देवाचं पुसतात तसं, घासायचं नाही.

टॉवेलात गुंडाळताना ते राहिलेलं नख
माझ्या मनगटावर उतरलं.
विश्राम बाटली घेऊन धावला: "फेणी लाव!"
"साबण आण," मी म्हटलं.
नळ आता सोडायला हरकत नव्हती;
धारेखाली बराच वेळ हात धरून बसले.

चुलीपासून चार हात लांब,
ऊब लागेल पण ठिणगी नाही अशा जागी
ती बसली, आणि उजव्या पायापासून
चाटायला लागली, पुन्हा पहिल्यापासून,
मी कुठे कुठे चुकले ते तपासल्यासारखी.

पिंपावर मी फळी टाकली, फळीवर पाटा.
विश्राम दारात घुटमळला.
"आतल्या रसाचं काय करूया?"
पिंपभर रस, पंधरा दिवसांची वेचणी.
मी आमसुलीकडे पाहिलं.
"फणसाच्या मुळात ओतून ये."

तो अजून तिथेच उभा आहे.