जोरी

वर्गीस सर फळ्यावर जोड्या लिहितात:
काल, काळ. गाल, गाळ. मूल, मूळ.
एक ध्वनी बदलला की अर्थ बदलतो,
म्हणजे हे दोन स्वनिम वेगळे.
मल्याळममध्ये वाढलेली त्यांची जीभ
टाळूला मागे टेकते आणि ळ असा सोडते
की बाकावर सांडेल.

मी हात वर केला.
"सर, आमच्या घरी हे एकच आहेत."
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
"घर कुठं?"
"दिवाळे. कोळीवाडा."
"आणि घरचे काय म्हणतात?"
"दिवाले."

तिसरीत बाईंनी शंभर वेळा लिहायला लावलं होतं: कमळ.
मी शंभर वेळा नीट लिहिलं
आणि शंभर वेळा वाचलं: कमल.
अकरावीत कधीतरी ळ आला.
पाहुणा तो. अजून चपला घालूनच बसतो.

इंग्रजी घेतलं ते इंग्रजीच्या भीतीनं.
व्यंजनांचा तक्ता हातात आला त्या दिवशी
वरून खाली, खालून वर, दोनदा पाहिला.
ळ नाही.
ण पण नाही.
संध्याकाळी नेरूळच्या पाटीवरची इंग्रजी ओळ
अक्षर लावून वाचली
तर थेट आईच्या तोंडचं: नेरूल.

म्हणजे एवढ्या मोठ्या भाषेला जे येत नाही
तेच आईला येत नाही,
आणि तिच्या शिकवणीची फी
ही, मासळी विकून भरते.

सर म्हणाले, आईचं बोलणं टिपून आण.
वय, गाव, शिक्षण, चार मिनिटं.
मी फोन बर्फाच्या खोक्यावर उभा केला.
आईनं पदर सारखा केला, हात पुसले,
फोनकडं पाहून म्हणाली,
"नमस्कार. माझं नाव हिराबाई तांडेळ.
काळ आमी बाजारात गेळो होतो.
मळा शुद्ध बोळता येत नाही."

तांडेळ.
आयुष्यभर राहिलेले सगळे ळ
तिनं एका दमात फेडायला काढले होते.

मी म्हटलं, आई, घरी बोलतेस तसं बोल ना.
"कालेजात आयकनार ना ते?"
ऐकू दे.
"मंग नको. तुना हसतील."

पुस्तकात या प्रकाराला नाव आहे: अतिशुद्धी.
व्याख्या दीड ओळीची.
उदाहरण कुठल्यातरी दुसऱ्याच देशातलं.

आणि मळा?
मळा आमचा कधीच नव्हता. भातखाचरं होती,
एक मिठागर होतं, आजोबांच्या वाट्याचं.
सिडकोनं घेतलं. आमचा वर्ग तिकडंच कुठंतरी भरतो,
तिसऱ्या मजल्यावर,
एसी जरा जास्तच असतो.

मग सेक्टर पंधराच्या एक बाई आल्या,
पापलेट बोटानं दाबून बघत
म्हणाल्या, शिळं दिसतंय.
फोन चालूच होता.
"शिलं? डोले बघ ताई, डोले!
कालचा नय, आजचा हाय.
जोरी सातशे. नको तं ठेव खाली,
उगीच दाबू नको त्याला, तुजा जावई हाय का?"

चार मिनिटं बारा सेकंद.
मागे कोयत्याचा आवाज, बर्फ, एक रिक्षा.

रात्री मी लिप्यंतर करायला बसले.
ध्वनिलिपीत ळचं चिन्ह असं:
एक सरळ काठी, खाली उजवीकडं वळलेला आकडा.
हुबेहूब गळ.
आमच्यात त्याला गल म्हणतात.
आईच्या चार मिनिटांत तो एकदाही टाकावा लागला नाही.
पहिल्या फाइलमध्ये, त्या तीन-चार वाक्यांत,
पाच वेळा,
आणि दर वेळी काहीतरी जिवंत लागलेलं.

"एकच फाइल आहे?" सरांनी विचारलं.
मी म्हटलं, हो.