मोज्याचा आकडा

उद्यमनगरात, लेथच्या मागच्या भिंतीवर
दस्तगीरमामानं दोन थर्मामीटर टांगलेत.
एक कोरडा.
दुसऱ्याच्या पायात लेकीचा शाळेतला पांढरा मोजा,
मोज्याचं टोक बाटलीतल्या पाण्यात.

"कोरडा सांगतो किती तापलंय.
ओला सांगतो कुठवर उतरता येतंय.
मधला फरक, तेवढीच आपली कमाई."

कमाई मी वहीत मांडतो.
एप्रिल, दुपारचे दोन : अडतीस, बावीस. सोळा.
मामा खूश. दोन कटिंग सांगतो.

समोरच्या शोरूमचा एसी
आतलं सगळं ऊन आमच्या गल्लीत ओततो
आणि वर बिल लावतो.
मामाचा पंप मुठीत मावतो,
गवताच्या जाळीवर पाणी सोडतो, एवढंच.
"नदीतनं निघालेल्या पोराच्या पाठीवर काटा येतो का न्हाई?
पाणी रिकाम्या हातानं उठत न्हाई लेका.
जाताना उष्मा घेऊन जातं."

कपिलतीर्थाच्या मंडईत इंदाक्का चौगुले पानं विकतात.
त्यांच्यासाठी आम्ही विटांची पेटी बांधली,
दुहेरी भिंत, मधे वाळू,
सकाळ-संध्याकाळ घागरभर पाणी.
इंदाक्कांनी चारी बाजूंनी हात फिरवला.
"बटण कुठं हाय?"
"बटण न्हाई. वारं हाय."
"म्हंजे तीस वर्सं मी पानावर ओलं फडकं टाकतोय,
त्येच तुमी विटांत बांधलंसा व्हय?"

मामा बराच वेळ थापी पुसत राहिला.
मग म्हणाला, "व्हय."

सातव्या दिवशी पानं उलगडली.
देठ काळा पडला नव्हता.
इंदाक्कांनी एक विडा मामाला दिला, एक मला,
आणि पैशाचं बोलणं पुढच्या बाजारावर टाकलं.

मे सरताना वळवाचे ढग राजारामपुरीवर येऊन बसले.
बत्तीस, सव्वीस. सहा.
तीस, सत्तावीस.
कूलर रिक्षातून परत यायला लागले,
गार होईना, अंग चिकट होतंय, पैसे द्या.
मामानं कुणाला थाप मारली नाही.
"मशीन बरोबर हाय. हवेचंच पोट भरलंय.
भरल्या पोटाला किती वाढणार?"

काल फरक एकावर आला.
मी वही मिटली.
मामानं मोजा काढला, साबण लावून धुतला,
लेथच्या वर तारेवर टाकला.
लेक पुण्याला असते, काचेच्या ऑफिसात,
जूनमध्येही स्वेटर घालून बसते म्हणे.

आज सकाळी मी मोज्याला हात लावून बघितला.
वाळलेला नाही.