संच क्रमांक सात

शनिवारी साडेचारला मी खेळघराचं कुलूप काढते,
दत्तवाडीत, रसाच्या गुऱ्हाळावरची खोली,
आणि परत आलेले संच चटईवर ओतते.
मोजणं हे माझं काम.
लांब पट्ट्या बारा, आखूड वीस,
दातेरी चाकं चार, कप्प्या तीन, हँडल एक,
नट-बोल्ट साठ जोड्या. म्हणजे रजिस्टरात साठ.
प्रत्यक्षात साठ कधीच भरत नाहीत.

फरशीच्या फटीत जातात, दप्तराच्या तळाशी जातात,
एक तर कुणाच्या धाकट्या भावाच्या पोटात गेला होता
आणि दोन दिवस केळी खाऊन
सुखरूप परत आला.
त्याचीही नोंद आहे.

संच सात नेला होता रेवण म्हेत्रेनं, सहावी ब,
आणि तस्लीम बागवाननं,
जी सही करताना आडनाव आधी लिहिते
आणि शाई वाळेपर्यंत वहीवरून बोट काढत नाही.
सुटं करून आणायचा नियम आहे.
यांनी बांधलेलंच आणलं,
दोघांनी दोन बाजूंनी धरून, जिन्यावरून आडवं होत,
"सरका, सरका" म्हणत, जिन्यात कुणी नसताना.

पुस्तिकेत पवनचक्की आहे, यारी आहे, आकाशपाळणा आहे.
हे त्यातलं नव्हतं.
"काय आहे?"
"धरण."
"धरण कुठे हलतं का?"
"धरण नाही हलत, ताई," तस्लीम म्हणाली,
"दार हलतं."

बुटाच्या खोक्याची भिंत. मधोमध पट्ट्यांचं दार.
वर कप्पी, कप्पीवरून संक्रांतीचा उरलेला मांजा,
हँडलापाशी लहान चाक मोठ्या चाकाला दात लावून,
म्हणजे हात भरभर फिरतो, दार सावकाश चढतं.
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
खाली गुऱ्हाळात दिवसभर तेच तर चालतं,
घुंगरांसकट.

मी हँडल घेतलं. फिरवलं.
दार दोन बोटं चढलं आणि थांबलं.
"अडकलंय रे."
"अडकलं नाही," रेवण म्हणाला.
"तिथपर्यंतच आहे ते."

मग त्यानं मला मोजून दाखवलं, माझ्यासारखंच,
बोट भिंतीला लावून:
दोन बोटं म्हणजे नदीकाठचा रस्ता.
तीन म्हणजे तस्लीमच्या अब्बांच्या गाळ्यातल्या
पपयांच्या पेट्या.
साडेतीनला आमची पहिली पायरी.
चार म्हणजे कपाटाचा खालचा कप्पा,
त्यात वह्या होत्या, आणि आईची शिलाईची मापं.
गेल्या साली चार केलं होतं.
रात्री.
"म्हणून दोनवर टेकण लावलंय."

टेकण म्हणजे एक बोल्ट.
जाडा, गंजका, सायकलच्या स्टँडचा असावा,
आपल्या भोकात न बसणारा,
कानसून कानसून बसवलेला.
मला म्हणायचं होतं की
पाणी मागे साठत जातं, रेवण,
कधीतरी सोडावंच लागतं,
पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि
त्याला ते माहीत होतं.
"भिंत अजून उंच करायचीय," तो म्हणाला.
"खोकं संपलं."

पुढच्या पाळीचा मुलगा दारात चपला काढत होता.
त्यांनीच मग सोडवायला घेतलं,
पान्हा याच्याकडे, डबी तिच्याकडे,
बांधायला आठ दिवस लागलेलं सात मिनिटांत चटईवर.
मांजा तस्लीमनं बोटाला गुंडाळून खिशात घातला.
बोल्ट रेवणनं डबीत टाकला.
"तो आपला नाही," मी म्हटलं.
"असू दे. पुढच्याला लागला तर."

ते गेल्यावर मी मोजलं. दोनदा.
नट साठ. बोल्ट एकसष्ट.
रजिस्टरात रकाना फक्त 'कमी'चा आहे,
जास्तीचा आखायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.
पेन धरून बसले जरा वेळ.
मग त्याच रकान्यात लिहिलं:
उणे एक.