मेजर साळवेबाई

हमरियात, मशिदीमागं, दर शुक्रवारी
जुन्या कोरोलाची डिकी उघडायची
आणि आवाज यायचा, "बाही वर. पुढचा."
आम्ही सुतार, गवंडी, एसीवाले,
रांग मोडायची छाती नव्हती कुणाची.

लढाईबद्दल एकदाच बोलल्या,
माझ्या दंडावर पट्टा आवळताना:
"पोटात गोळी. पाणी मागत होता.
द्यायचं नसतं. दिलं नाही मी."
मग पाऱ्याकडं बघत राहिल्या,
आकडा विसरल्या,
पुन्हा मोजला.

डिकीत औषधांपेक्षा
पाण्याचीच खोकी जास्त असायची.

काल रुवीत प्रार्थना झाली, मराठीतून,
अर्ध्यांना कळली नाही.
तरी पेटीपर्यंत रांग सरळ होती
आणि माझ्या पुढच्या बंगाली पोरानं
नकळत
बाही वर केली होती.